बैठं घर स्वस्तात भेटते, पण त्यात स्वस्त काय असते?

तुकडेबंदीच्या नव्या निर्णयानंतर अमरावती-अकोल्याच्या कडेला घर पाहून राहिलेल्यांसाठी

मंडळी, सध्या गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज जोरात फिरून राहिला आहे. "तुकडेबंदी उठली, आता एक गुंठा बिनधास्त घ्या." खाली फोटो. मुरमाचा रस्ता, चार खांब, एक नवंकोरं बैठं घर, अन् दलालाचा मोबाईल नंबर. आमच्या दर्यापूर तालुक्यातल्या तिघा-चौघांनी मला हाच मेसेज पाठवून विचारलं, "भाऊ, घ्याव का?"

उत्तर एका ओळीत देता येत नाही, म्हणून हा लेख.

शासनाने नोव्हेंबर 2025 मध्ये तुकडेबंदी कायद्यात दुरुस्ती करणारा अध्यादेश काढला, हे खरं आहे. पण त्यात "आता घ्या" असं कुठंच नाही. ज्यांनी आधी घेऊन ठेवलं त्यांचे अडकलेले व्यवहार मोकळे करण्यासाठी तो आहे. तारीखही ठरलेली आहे: 15 नोव्हेंबर 1965 ते 15 ऑक्टोबर 2024 या काळातले व्यवहार. आज कोणी एक गुंठ्याचा कच्चा कागद करून देत असेल, तर तो या माफीत बसत नाही. मेसेज पाठवणारा हे सांगत नाही, कारण त्याला प्लॉट विकायचा आहे.

शहराकडे जाणारा माणूस कोण?

आपल्या तालुक्यातून अमरावती-अकोल्याकडे जाणारा माणूस हौसेनं जात नाही. कोणाच्या पोरीला अकरावी-बारावीचं कॉलेज पाह्यजे. कोणाच्या बापाला आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागते. कोणाची माय गुडघ्यानं बसली. दोन-चार एकर कोरडवाहू, त्यातला एखादा एकर विकला की हातात दहा-पंधरा लाख येतात, अन् त्याच्यात घर बसवायचं असते.

अन् घर कसं पाह्यजे? सगळ्यांचं एकच म्हणणं: बैठं. फ्लॅट नको. तळमजल्यावर गाड्या उभ्या करतात अन् पहिलं घरच एक जिना चढून असते. लिफ्ट असली तर बंद, चालू असली तर मेंटेनन्स. डुप्लेक्सचंही तेच, झोपायची खोली वर. म्हाताऱ्या माणसाला पायऱ्या झेपत नाहीत, अन् शेतकऱ्याला दोन पोते तूर ठेवायला, सायकल लावायला, उन्हात पापड वाळू घालायला जमिनीवरची जागा लागते.

माझी माय तर एवढंच म्हणे, "मले माडीगिडी काही नको. पाय खाली ठेवला का आंगण लागलं पाह्यजे."

माझे 51 हजार

दुसऱ्याला सांगायच्या आधी स्वतःचं सांगतो. 2023 साली मायचे गुडघे अन् साखर दोन्ही वाढलं. दर पंधरा दिवसाला तिला अकोल्याला न्यायचं, एसटीची पायरी चढवायची, परत आणायचं. शेवटी ठरवलं, शहराच्या कडेला घर पाहू.

दलालानं दोन घरं दाखवली. पहिलं मंजूर लेआउटमधलं. दोन खोल्या, किचन, समोर दहा फूट जागा. भाव 24 लाख. दुसरं तिथून दोन शेतं सोडून. दोन खोल्या, किचन, समोर दहा फूट जागा. भाव साडेतेरा लाख. बांधकाम सारखं, विटा त्याच भट्टीच्या असाव्या. मी म्हटलं दलाल देवमाणूस भेटला. साध्या कागदावर पावती लिहून 51 हजार इसार दिला.

मग कागद पाहायला मागितले. विकणाऱ्याकडे 500 रुपयांचा स्टॅम्प अन् त्यावर नोटरीचा शिक्का. त्यानं ज्याच्याकडून घेतलं त्याच्याकडेही तसाच स्टॅम्प. सातबारा काढला तर त्यावर अजूनही मूळ शेतकऱ्याचं नाव. तो वारलेला, अन् वारसांची नोंद झालेली नाही. बँकेत गेलो तर साहेबानं फाईल उघडूनही पाह्यली नाही. ओळखीच्या वकिलानं पाह्यली अन् म्हटलं, "भाऊ, हे तुम्ही घर इकत नाही घेऊन राह्यले, भांडण इकत घेऊन राह्यले."

इसार परत आला नाही. ते 51 हजार म्हणजे त्या सालच्या माझ्या तुरीचे पैसे होते.

पण त्यातून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. दोन घरांमधला साडेदहा लाखांचा फरक विटांचा नव्हता, सिमेंटचा नव्हता, रस्त्यापासूनच्या अंतराचाही फारसा नव्हता. तो कागदाचा होता. स्वस्त बैठं घर आपल्याकडे भेटते ते बहुतेक वेळा याच कारणानं.

असा कागद तयार होतो कसा?

शहराला लागून शेतकऱ्याचं एक एकर आहे. एकरात 40 गुंठे, अन् एका गुंठ्यात 1089 चौरस फूट. रीतसर लेआउट पाडायचा तर मंजुरी लागते, रस्ते सोडावे लागतात, खुली जागा सोडावी लागते, नाल्या अन् खांब करावे लागतात. म्हणजे 40 पैकी बरेच गुंठे विकायला राहतच नाहीत, अन् राहिलेल्यांचा भाव चढतो. त्यापेक्षा चुन्याची रेघ मारून एक-एक गुंठा विकला की पैसा लवकर मोकळा होतो.

हे होऊ नये म्हणून तुकडेबंदीचा कायदा 1947 पासून आहे. ठरलेल्या प्रमाणभूत क्षेत्राच्या आतला शेतीचा तुकडा विकता येत नाही. कायदा होता, तरी कित्येक वर्षं गुंठ्याच्या खरेद्या लागत गेल्या. मग 12 जुलै 2021 ला नोंदणी विभागाचं परिपत्रक आलं अन् दुय्यम निबंधक कार्यालयात असे दस्त अडायला लागले.

दस्त अडले, पण धंदा थांबला नाही. त्यानं दोन वाटा काढल्या.

एक वाट नोटरीची. स्टॅम्पवर लिहून, फोटो लावून, शिक्का मारून द्यायचा. पाहणाऱ्याला तो सरकारी कागद वाटते. पण 100 रुपयांच्या वरची स्थावर मालमत्ता नोंदणीकृत खरेदीखताशिवाय मालकीत येत नाही, हा इंग्रजांच्या काळापासूनचा कायदा आहे. मुखत्यारपत्रावर झालेल्या विक्रीनं मालकी जात नाही, हे सुप्रीम कोर्टानंही 2011 मध्ये स्पष्ट सांगितलं.

दुसरी वाट सामाईक खरेदीची. एकमेकांना न ओळखणारे दहा-बारा जण मिळून एक मोठा तुकडा घेतात. खरेदी नोंदवली जाते, सातबाऱ्यावर दहा-बारा नावं चढतात. पण तुमचा गुंठा नेमका कोणता, हे त्या सातबाऱ्यावर कुठंच नसते. उद्या विकायचं, कर्ज काढायचं, म्हणजे बाकीच्यांच्या दारात सह्यांसाठी उभं राहा. त्यात एखादा वारला की त्याचे वारस आले.

नव्या निर्णयानं काय होईल अन् काय नाही

आधी चांगलं सांगतो. 2017 मध्ये असे तुकडे नियमित करायची सोय झाली होती, पण बाजारमूल्याच्या 25 टक्के रक्कम भरा म्हणे. कोण भरते? ऑक्टोबर 2024 मध्ये ते 5 टक्क्यांवर आणलं. आता ते शुल्कच माफ केलं. शासनाच्या सांगण्याप्रमाणे राज्यात असे सुमारे 49 लाख तुकडे आहेत. सातबाऱ्यावरचा तुकडेबंदीचा शेरा निघेल, इतर हक्कात पडून असलेलं नाव कब्जेदारात येऊ शकेल. ज्यांचा व्यवहार फक्त नोटरीवर आहे त्यांना मुद्रांक शुल्क भरून खरेदी नोंदवायची वाट मोकळी होईल. महानगरपालिका, नगरपालिका, नगरपंचायत हद्दीत अन् आराखड्यात रहिवासी दाखवलेल्या भागात याचा मुख्य फायदा आहे. अमरावती-अकोल्याच्या कडेला पै-पै जोडून घर बांधलेल्यांसाठी ही मोठी गोष्ट आहे.

आता जे होणार नाही ते.

ज्यानं विकलं त्याचाच हक्क नव्हता, तर निर्णयानं तो हक्क येत नाही. बहिणींच्या सह्या नसतील, वारसांचा वाद असेल, एकच तुकडा दोघांना विकला असेल, तर ते तसंच राहते.

तुकडा नियमित होणं अन् त्यावरचं बांधकाम नियमित होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बांधकामासाठी गुंठेवारीचा 2001 चा कायदा आहे, त्याची मुदत 2021 च्या दुरुस्तीनं 31 डिसेंबर 2020 पर्यंत वाढवली. त्यासाठी नगरपालिका किंवा महानगरपालिकेत वेगळा अर्ज अन् वेगळे पैसे.

विकास आराखड्यात त्या जागेवरून रस्ता जात असेल किंवा आरक्षण असेल, तर नियमित झालेला सातबारा घेऊन तुम्ही बुलडोझर थांबवू शकत नाही.

अन् सगळ्यात बारीक गोष्ट: हा फायदा आजच्या विकणाऱ्याला आहे. म्हणून त्यानं आधी स्वतःच्या नावावर करून घ्यावं, मग तुम्हाला विकावं. "तुम्ही घ्या, मग तुमच्या नावानं नियमित करू" असं कोणी म्हटलं की उठून चहा प्यायला जा अन् परत येऊ नका.

अकोल्याच्या 24 गावांचा धडा

2016 मध्ये अकोला महानगरपालिकेची हद्द वाढली. मलकापूर, उमरी, गुडधी, खडकी, शिवणी यांसारखी 24 गावं शहरात आली. तिथली कित्येक घरं ग्रामपंचायतीच्या काळातली. मालकाला कागद विचारला तर तो नमुना 8 अन् घरटॅक्सची पावती काढून दाखवते. नमुना 8 ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. टॅक्स भरला म्हणून जागा आपली होत नाही.

जुन्या वस्तीत आणखी एक शब्द ऐकू येईल: नझूल. नागपूर अन् अमरावती विभागात शहराच्या जुन्या भागातल्या बऱ्याच जागा शासनानं भाडेपट्ट्यानं दिलेल्या आहेत. घर मालकाचं असते, जागा शासनाची असते. पट्टा संपला का, नूतनीकरण झालं का, विकायला परवानगी आहे का, हे पाहिल्याशिवाय बोलणी करू नका. जुन्या शहरातलं बैठं घर स्वस्त दिसलं की हा प्रश्न पहिले विचारायचा.

पैसे देण्याआधी इतकं करा

1. सातबारा किंवा आखीव पत्रिका स्वतः काढा. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या साईटवर 15 रुपयांत भेटते. दलालानं दिलेली झेरॉक्स चालवू नका. विकणाऱ्याचं नाव मुख्य रकान्यात आहे की इतर हक्कात, अन् भोगवटादार वर्ग 1 आहे की 2, हे पाहा. वर्ग 2 असेल तर परवानगीशिवाय विकता येत नाही.

2. फेरफार काढा. जमीन आजोबापासून कोणाकडे कशी आली ते त्यात दिसते. सगळे वारस आले का, बहिणी आल्या का, ते मोजा.

3. मंजूर लेआउटचा नकाशा पाहा अन् तुमचा प्लॉट नंबर त्यावर बोट ठेवून शोधा. "एनए आहे" एवढं तोंडी ऐकून भागत नाही. 500 चौरस मीटरच्या वरचा नवा लेआउट असेल तर महारेराचा नंबर मागा.

4. गावठाणातलं घर असेल तर स्वामित्व योजनेतली मिळकत पत्रिका झाली का विचारा. ड्रोननं मोजणी झालेल्या गावात ती भेटते.

5. आपला वकील लावा. दलालाचा नाही, आपला. 30 वर्षांचा सर्च काढायला सांगा. त्याची फी माझ्या 51 हजारांपेक्षा कमीच राहील.

6. इसार द्यायचा तर नोंदणीकृत करारनामा करून, चेकनं किंवा खात्यातून. जागा-घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्यावर रोख घेणं आयकर कायद्याला चालत नाही, अन् रोखीचा पुरावाही राहत नाही.

आणखी एक. दुय्यम निबंधकाकडे खरेदी लागली म्हणजे सरकारनं मालकी तपासली, असा आपला समज आहे. तिथं दस्ताची नोंद होते. विकणारा खरा मालक आहे का हे पाहणं घेणाऱ्याचं काम आहे.

खर्चाचा हिशेबही आधीच मांडा. समजा घर 14 लाखांचं आहे अन् मुद्रांक शुल्क 6 टक्के धरलं, तर 84 हजार. नोंदणी फी 1 टक्का, म्हणजे 14 हजार. हीच खरेदी घरच्या बाईच्या नावानं केली तर मुद्रांकात 1 टक्का सूट आहे, सरळ 14 हजार वाचतात. मात्र रेडीरेकनरचा भाव खरेदीच्या किमतीपेक्षा जास्त असेल तर शुल्क त्या भावावर लागते.

आता घर पाहा

कागद बरोबर निघाला, मग भिंतीकडे वळा.

आपली जमीन काळी कपाशीची. पाण्यानं फुगते, उन्हाळ्यात फाटते. पाया मुरमापर्यंत गेला नाही अन् खाली पक्का बीम नसला, की दोन उन्हाळ्यात दाराच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. नवा रंग दिलेलं घर दाखवत असतील तर शेजारचं जुनं घर पाहा. त्याच मातीवर आहे.

पाण्याचं विचारा. अकोल्याला महान धरणाचं, म्हणजे काटेपूर्णेचं पाणी महानगरपालिका देते. अमरावतीला अप्पर वर्ध्याचं पाणी जीवन प्राधिकरण देते. पण कडेच्या वस्तीत पाईप आली का, अन् कितव्या दिवशी नळ येते, हे शेजारच्या बाईला विचारा, दलालाला नाही. "बोअर आहे" म्हटलं तर एक घोट पिऊन पाहा. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला हे सांगायची गरज नाही.

पावसाळ्याचं विचारा. जुलै 2021 मध्ये मोर्णेला अन् नाल्यांना पूर आला तेव्हा अकोल्यात घराघरात पाणी शिरलं होतं. बैठ्या घराला वर पळायला माडी नसते. पाण्याची खूण भिंतीवर कुठपर्यंत आली ते पाहा. नदी-नाल्याजवळ असेल तर पूररेषेच्या आत आहे का ते महानगरपालिकेत विचारा.

इथंच बैठ्या घराची एक मेख आहे. पाणी शिरू नये म्हणून जोतं उंच करतात. जोतं तीन फूट उंच झालं की दारात पाच-सहा पायऱ्या आल्या. म्हणजे ज्या पायऱ्यांपासून पळालो त्या दारातच! उतार करू म्हणाल, तर व्हीलचेअर चढायला एक फूट उंचीला 12 फूट लांबी लागते. तीन फुटांना 36 फूट. एवढी जागा गुंठ्याच्या प्लॉटमध्ये कुठून आणता? म्हणून दीड-दोन फुटांच्या जोत्याचं, उंच वस्तीतलं घर पाहा. संडास-बाथरूम घरातच, दार रुंद, कमोड बसवता येईल असं. अंगणापलीकडचा संडास म्हाताऱ्या माणसाला रात्री जिन्याइतकाच जड जाते.

अन् स्लॅब. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जाते अन् बैठ्या घराच्या डोक्यावर दुसरं घर नसते. वर पांढरा चुना मारायची तयारी ठेवा. छत मात्र आपलं असते, तिथं सौर पॅनल बसतात. सूर्यघर योजनेत 1 किलोवॉटला 30 हजार, 3 किलोवॉटला 78 हजार अनुदान आहे. फ्लॅटवाल्याला हे सहज जमत नाही.

सरकारी मदत कोणाला?

गावातच राहणार असाल तर ग्रामीण आवास योजनेत घरकुलाला 1 लाख 20 हजार, त्यात 2025 पासून राज्याचे 50 हजार वाढले. त्यातले 15 हजार सौरसाठी आहेत. जागा नसेल तर दीनदयाळ उपाध्याय योजनेत जागा घ्यायला 1 लाखापर्यंत मदत होते. किमान 269 चौरस फुटांचं हे घर बैठंच असते.

शहरात सप्टेंबर 2024 पासून पीएम आवास शहरी 2.0 सुरू आहे. उत्पन्न 3 लाखांच्या आत अन् स्वतःची जागा असेल तर बांधायला 2 लाख 50 हजार. कर्ज काढून घेणार असाल तर 9 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्याला 35 लाखांच्या आतल्या घरासाठी व्याजात जास्तीत जास्त 1 लाख 80 हजारांची सूट. पण अट वाचा: कुटुंबात कोणाच्याही नावानं देशात कुठंही पक्कं घर नको. गावचं स्लॅबचं घर तुमच्या नावानं असेल तर तिथंच गाडी थांबते. अन् बांधायच्या मदतीला जागेचा कागद लागतो, कर्जालाही लागतो. म्हणजे फिरून परत कागदावरच आलो.

एक गोष्ट विकू नका

घरासाठी शेत विकावं लागते, मान्य. पण शेवटचा तुकडा विकू नका. आपल्या राज्यात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. विदर्भाला 1958 चा कुळकायदा लागू आहे, त्याच्या कलम 89 मध्ये हे आहे. आज तुम्ही शेतकरी आहात. सगळं विकून अकोल्यात घर घेतलं अन् उद्या पोराला वाटलं दोन एकर घ्यावं, तर त्याला शेतकरी असल्याचा दाखला कुठून आणाल? पीएम किसानचे सहा हजारही त्याच दिवशी बंद.

ज्याचं बजेट दहा-बारा लाखांच्या वर जात नाही त्यानं दोन गोष्टींचा विचार करावा. एक, जिल्ह्याच्या गावाऐवजी तालुक्याचं गाव. दुसरी, आधी भाड्यानं राहणं. भाडेकरार नोंदणीकृत असला पाह्यजे, तसा 1999 चा कायदा आहे, अन् नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. ज्या वस्तीत घर घ्यायचं तिथंच एक पावसाळा अन् एक उन्हाळा भाड्यानं काढा. नळ कधी येते, नाली कुठं तुंबते, रात्री रिक्षा भेटते का, हे सगळं कळते. अन् त्या वर्षात सातबारा, फेरफार, सर्च सावकाश होते. घाई असते ती विकणाऱ्याला.

आम्ही तेच केलं. तालुक्याच्या गावात दोन खोल्यांचं बैठं घर भाड्यानं आहे, सरकारी दवाखाना चालत जाण्यासारखा. दारात दोनच पायऱ्या. माय सकाळी त्यावर बसून तूर निवडते अन् येणाऱ्या-जाणाऱ्याला गावची खबर विचारते. "आपलं घर कधी घेतं रे?" हे ती अजून विचारते. शेत अजून पूर्ण आहे, एवढंच उत्तर माझ्याकडे आहे.

आता प्रशासनाचं काम

शुल्क माफ झालं ही बातमी झाली. सातबाऱ्यावरचा शेरा निघाला की निर्णय झाला. त्यासाठी तलाठ्याच्या दारात एकेकट्यानं चकरा मारण्यापेक्षा दोन्ही जिल्ह्यांच्या महसूल विभागानं मंडळनिहाय शिबिरं लावावी. कोणत्या गट नंबरमधले तुकडे बसतात अन् कोणते नाही, त्याची यादी ग्रामपंचायत अन् प्रभाग कार्यालयात लावावी. आरक्षण अन् पूररेषेतले गट नंबर त्याच यादीत वेगळे दाखवावे. असं झालं तर विकणाऱ्याचा फायदा आहेच, घेणाऱ्यालाही समजेल की साडेतेरा लाखांत तो काय घेऊन राहिला आहे.

तोपर्यंत मेसेज आला तर पुढं पाठवू नका. आधी गट नंबर विचारा. तो सांगायला जो आढेवेढे घेते, त्याचं घर पाहायला जायची गरज नाही.